तुर्दाकुनचे सात बाप

माझी धाकटी बहीण जिपार अंगणात बसून सुरीला धार लावत होती, आणि घरात कापायला काहीच नव्हतं. ना पाहुणे, ना सण, ना मयत. सुरी तिच्या नवऱ्याची, तुर्दाकुनची. मूठ रानबोकडाच्या शिंगाची. गावात मेंढी किंवा घोडा कापायचा असला की त्यालाच बोलावणं येतं, आणि त्या सुरीला तो कुणाला हात लावू देत नाही.

“कोण येतंय जेवायला?” मी विचारलं.

“कुणी नाही, एजे.”

“मग ही कसली तयारी?”

“आता पुन्हा पिऊन आला ना, की त्याला झोपू देईन. मग मानेत घालीन.”

कणकेत मीठ घालते म्हणावं, तशा सुरात बोलली. दात उघडताच येत नव्हते तिला. जबडा तारांनी बांधलेला होता, शब्द फटीतून गाळून येत होते. नवऱ्याने ओतीव लोखंडाची किटली तोंडावर हाणली होती, चहा गार झाला म्हणून.

मी तिची एजे, म्हणजे मोठी ताई. बुरुल माझं नाव. कोचकोरच्या बाजारात सुटा चहा, साखर आणि टॉफ्या विकते. नवरा वारला तेव्हा एक खडखडती झिगुली गाडी मागे ठेवून गेला, ती मीच चालवते. माझ्या जिभेला हाड नाही असं बाजारात म्हणतात. बरोबरच म्हणतात. म्हणून आधीच सांगून टाकते, मला तुर्दाकुनला वाचवायचं नव्हतं. तो मेला असता तर मी त्याच्या मयताला चार लोकांसारखी रडले असते आणि घरी येऊन पोटभर जेवले असते. मला माझ्या बहिणीला खुनी होऊ द्यायचं नव्हतं. बाप मातीत, आई तुरुंगात, आणि पोर माझ्या दुकानात गोण्यांवर झोपलेली, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. पोरीचं नाव आयझिरेक. बापाच्या पावलांचा आवाज आला की ती गोधड्यांच्या थप्पीमागे शिरायची. तिथे तिच्या अंगाच्या आकाराचा खळगाच पडला होता.

शुद्धीत असताना हा माणूस कसा, ते सांगितलं तर खोटं वाटेल. मोठ्या बायकांच्या तोंडाकडे वर बघून बोलायचा नाही. शेजारच्या म्हातारीचं पाणी न सांगता भरायचा. मेंढी कापताना आधी तळव्याने तिचे डोळे झाकायचा, कानात काहीतरी पुटपुटायचा, आणि ती शांत झाल्यावरच सुरी फिरवायचा. तरुणपणी तो उलाक खेळायचा. बिनमुंडक्याच्या बोकडाचं धूड मैदानात टाकतात आणि दोन बाजूंचे स्वार घोड्यावरून लोंबकळत ते एकमेकांच्या हातून हिसकावतात, तो खेळ. तुर्दाकुनच्या पकडीत धूड आलं की ते सोडवायला त्याचं मनगटच तोडावं लागेल, असं लोक म्हणायचे. कौतुकाने म्हणायचे. तीच मनगटं पुढे माझ्या बहिणीच्या केसांत गेली, तेव्हा हे कौतुक करणारे कुठे मेले होते कोण जाणे.

आमच्याकडे जनावर कापणाऱ्याला मानेचं मांस आणि एक बाटली द्यायची रीत आहे. लग्न असो, बारसं असो, मयताचा चाळिसावा दिवस असो, तुर्दाकुन सुरी घेऊन जाणार आणि बाटली घेऊन येणार. ती वाटेतच रिकामी होणार. ज्या गावात कसायाला हौसेने दारू पाजतात आणि मग “कसाई फार पितो हो” म्हणून उसासे टाकतात, त्या गावाला काय म्हणावं? आणि बाटली देणाऱ्या घरातल्या बाया दुसऱ्या दिवशी जिपारचा सुजलेला डोळा बघायला दही घेऊन यायच्या.

पोलिसाला बोलावलं होतं एकदा. तो आला, तुर्दाकुनबरोबर बसला, प्याला, आणि जाताना जिपारला म्हणाला, “वहिनी, उगाच कशाला चिडवता माणसाला?” आमच्या आईकडे गेलो तर ती म्हणाली, “दगड जिथे पडला तिथेच जड असतो.” म्हणजे पोरीने दिल्या घरीच राहावं. माझा असा संताप झाला की मी आईच्या अंगणातला एक धोंडा उचलला, तिच्या उंबऱ्यात आपटला आणि म्हटलं, “हा बघ, इथेही जडच आहे!” उंबऱ्याचा टवका उडाला. पण जिपार मुकाट्याने परत सासरी गेली.

उपाय केले नाहीत असं नाही. झाडफूक करणाऱ्या बाईकडे नेलं. तिने त्याला पालथं पाडून चाबकाने फोडला, भूत निघेपर्यंत. भूत निघालं की नाही माहीत नाही, पाठीची सालं मात्र निघाली, आणि त्या दुखण्यावर औषध म्हणून तो प्याला. मग शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. असे डॉक्टर आमच्याकडे पुष्कळ. दंडात एक सुई टोचतात आणि डोळे वटारून सांगतात, “आता वर्षभरात एक थेंब जरी घेतलास तर हृदय फुटून मरशील.” तुर्दाकुन घाबरला. वर्षभर शिवला नाही. ज्या दिवशी वर्ष संपलं त्या दिवशी सकाळी त्याने बाटली उघडली, आणि संध्याकाळी आयझिरेकच्या पाळलेल्या कुत्र्याला भिंतीवर आपटून मारलं. ते भुंकलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

जबड्याला तारा घातल्या त्या इस्पितळात झाडू मारणारी एक बाई भेटली. ती म्हणाली, “माझा भाऊ शहरात एका बैठकीला जातो. सगळे दारू सोडलेले लोक बसतात आणि बोलतात. कोचकोरलाही आहे म्हणतात अशी.”

“कुठे?”

“ते कुणी सांगत नाही. तिथे नावगाव बाहेर काढत नाहीत.”

घ्या. औषध आहे, पण दुकानावर पाटी नाही. सुरीची धार पाहिली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी शोधायला निघाले. मशिदीत विचारलं तर मुल्ला म्हणाला, “नमाज पढायला पाठव, तीच बैठक.” दवाखान्यात विचारलं तर तिथली बाई म्हणाली, “दारुडे बसतात ती जागा ना? पुलाखाली.” सरकारी कचेरीत एका साहेबाने फार गंभीरपणे ऐकून घेतलं, आणि त्याच्या तोंडाला असा वास येत होता की मीच दोन पावलं मागे सरले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

पत्ता शेवटी माझ्याच दुकानात सापडला. सोवेतबेक नावाचा एक वेल्डर आहे. एके काळचा बाजारातला नंबर एकचा दारुडा. एकदा भर थंडीत स्वतःच्या घराचा दरवाजा उपटून विकून प्याला होता. तो हल्ली दर गुरुवारी यायचा आणि पिशवीभर टॉफ्या न्यायचा. मी कधी मनावर घेतलं नव्हतं. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्या गुरुवारी मात्र टॉफ्या मोजता मोजता हात थांबला. दारू सुटली की अंग साखर मागतं, हे मी धंद्यात बघितलेलं.

“नातवंडं आलीत वाटतं?” मी विचारलं.

“नातवंडं कुठली, मुलाने मला घरातून काढलंय.”

“मग एवढ्या टॉफ्या खातं कोण?”

“माणसं खातात,” तो म्हणाला आणि पिशवी काखेत मारून चालू लागला.

मी दुकानावर चादर टाकली, झिगुली काढली आणि त्याच्या मागे निघाले. माणूस चालतोय आणि मागे गाडी रांगतेय. अर्धा बाजार बघत होता. त्यानेही दोनदा वळून बघितलं, पण वेल्डरचे डोळे, त्याला लांबचं दिसतंय कुठे. जुन्या संगीतशाळेच्या मागच्या दाराने तो आत शिरला. मी पाठोपाठ दार ढकललं. आत शेगडी, लांब बाक, तारा गेलेला पियानो, त्याच्यावर चहाचे वाडगे. पाचसहा माणसं टॉफ्यांची कागदं सोडत होती. मला पाहून सगळ्यांचे हात तोंडाशी थांबले.

“एजे, तुम्ही?” सोवेतबेकचा चेहरा पडला.

“निम्म्या कोचकोरला गोड खायला घालते मी, आणि मलाच पत्ता नाही? माझा मेहुणा आहे एक. पुढच्या गुरुवारी बांधून आणते.”

“बांधलेला नको. इथे ज्याचा तो येतो.”

“त्याचे पाय दारूच्या दुकानाकडेच वळतात.”

“मग त्याला सांगा की वाट दुसरीकडेही जाते. आला तर आला.”

असल्या सबुरीच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं तडकतं. घरी सुरी तयार आहे आणि हा मला वाटेच्या गप्पा सांगतोय! पण करते काय. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गावी गेले, तुर्दाकुनला गोठ्यात गाठलं. सकाळची वेळ, अजून शुद्धीत होता, घोडीचा खूर मांडीवर घेऊन बसला होता. मी काही आडपडदा ठेवला नाही.

“तुझी बायको तुझ्या सुरीला धार लावतेय. तुझ्या मानेसाठी.”

त्याने खूर खाली ठेवला. मला वाटलं, आता उठेल आणि आत जाऊन तिला तुडवेल. मी दारातली दाताळी हातात धरून उभी होते. तो उठला नाही.

“ती पातं आडवं धरते,” तो म्हणाला. “अशी धार लागत नाही. बोथट सुरीने जनावर तडफडतं.”



“तिचं चुकतंय असं वाटत नाही तुला?” मी विचारलं.

“नाही, एजे. कुठे जायचंय सांगा.”

मग मी त्याला बैठकीचं सांगितलं, आणि गुरुवारपर्यंत कुणाच्याही घरी जनावर कापायला जायचं नाही असं बजावलं. तो गेला नाही. त्याचे हात असे थरथरत होते की चहा दाढीवर सांडायचा. रात्री तो गोठ्यात घोडीशेजारी झोपला आणि आतून अडसर घातला. आपण बाहेर जाऊ नये म्हणून की ती आत येऊ नये म्हणून, ते मी विचारलं नाही.

गुरुवारी त्याला झिगुलीत घातलं. जिपार दारात उभी होती, उजवा हात कापूस भरलेल्या कोटाच्या बाहीत. तिने एवढंच म्हटलं, “झाडफूकवालीकडे पण असाच गेला होता. परत येताना वाटेतच प्याला होता.”

तुर्दाकुनवर आणखी एक हिशेब होता, तो इथे सांगायला हवा. बऱ्याच वर्षांपूर्वी, खिंडीपलीकडच्या लोकांबरोबर उलाकचा सामना झाला होता. उसोन नावाच्या विशीतल्या पोराने तुर्दाकुनच्या हातून धूड ओढून घेतलं. भर मैदानात, सगळ्यांदेखत. खेळ संपला, बाटल्या फुटल्या, आणि उसोन हसला. नुसता हसला. तुर्दाकुनने चाबूक उलटा धरला आणि मुठीकडच्या जड टोकाने त्याच्या तोंडावर घाव घातला, मग पडल्यावर आणखी. त्याला ओढायला चार माणसं लागली. उसोनचा डोळा गेला. आता तो घोड्यावर बसत नाही, दुसऱ्याच्या मेंढ्या वळतो. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकत्र बसून तडजोड केली, शिंगरासकट घोडी दिली, भाकरी मोडली. “सारीगुलच्या नातवाने केलं, सारीगुलच्या घराण्याने भरलं,” असं म्हणून दुआ मागितली आणि मिटलं. तुर्दाकुनला त्या बैठकीला नेलंच नव्हतं. आमच्याकडे डोळा जातो एकाचा आणि बोलणी करतात आजोबा.

संगीतशाळेत शिरताना सोवेतबेकने दारातच त्याला समजावलं होतं, “इथे फक्त नाव सांगायचं. गाव नाही, घराणं नाही. आणि मनात असेल तेच बोलायचं, नसेल तर गप्प बसायचं.” मला म्हणाला, “एजे, तुम्ही बाहेर थांबा.”

“हा पळाला तर पकडणार कोण? मी दाराशीच बसते. माझं तोंड बंद.”

“तुमचं?” तो म्हणाला, पण सगळे हसले आणि मला बसू दिलं.

एकेक जण बोलला. कुणी पोरीच्या लग्नात पडला होता, कुणी गाडीखाली मेंढ्या चिरडल्या होत्या. शेगडीजवळ एक थोराड माणूस उंच टोपी भुवयांपर्यंत ओढून बसला होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने नुसतं “कासिमाली” म्हटलं आणि मान हलवली. सोवेतबेक पुढच्याकडे वळला. तो माणूस अख्खा हिवाळा असाच येऊन गप्प बसत होता, हे मला मागाहून कळलं.

मग तुर्दाकुन उभा राहिला. आता एक लक्षात घ्या. आमच्याकडे पोर बोलायला लागलं की त्याला पहिल्यांदा सात बाप, म्हणजे मागच्या सात पिढ्यांची नावं, शिकवतात. ज्याला सात बाप ठाऊक नाहीत तो गुलाम, ही आमची म्हण. अनोळखी पुरुषांपुढे उभं राहिलं की जीभ आपोआप ती वाट धरते, जसा घोडा गोठ्याची धरतो. त्यात हा घाबरलेला.

“मी तुर्दाकुन,” तो म्हणाला. इथे थांबायचं होतं. “बाप माम्बेतआली. त्याचा बाप सारीगुल—”

“नावच फक्त, भाऊ,” सोवेतबेक म्हणाला.

पण त्याला ऐकूच आलं नाही. तोक्तोमुश, एसेनकुल, बेर्दिके, कोयचू, झामानबाय. सातही बाप त्याने मान खाली घालून शाळेतल्या पोरासारखे म्हणून टाकले, आणि मग, “मी दारू पितो. बायकोचा जबडा फोडला.”

सारीगुलच्या नावालाच ती टोपी वर झाली होती. कासिमाली सावकाश उठला.

“उसोन माझा धाकटा भाऊ,” तो म्हणाला.

तुर्दाकुनने वर बघितलं, आणि पहिला ठोसा नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी दाराशी ऐकला. दुसरा तोंडावर. तो बाकावरून मागे कोसळला, पियानोवरचे वाडगे फुटले. कासिमालीने शेगडीची लोखंडी सळई उचलली आणि त्याच्या मांडीवर, बरगड्यांवर, खांद्यावर घालायला सुरुवात केली. सोवेतबेक मध्ये पडला तर त्याच्या कोपरावर एक बसली. बाकीचे भिंतीला चिकटले. मी तोंड बंद ठेवण्याचं वचन विसरून ओरडत होते, “हात उचलू नकोस! तुर्दाकुन, हात उचललास तर मीच मारीन तुला!”

काय बोलत होते माझं मला कळत नव्हतं. पण त्याचे हात मी ओळखत होते. एकदा ते सुटले असते तर त्या खोलीतून मढं बाहेर पडलं असतं, आणि मग बैठक संपली, सगळंच संपलं. तो जमिनीवर उताणा होता. त्याने दोन्ही तळवे आपल्या पाठीखाली घातले आणि त्यांच्यावर पडून राहिला. स्वतःच्याच हातांवर बसकण मारावी तसा.

“मार ना!” कासिमाली किंचाळला. “भडव्या, हात का नाही उचलत?”

“तेव्हा उचलला होता,” तुर्दाकुन म्हणाला. तोंडातून दात आणि रक्त एकदमच आलं.

सळई वरच राहिली. मग ती खाली पडली, आणि तो दांडगा माणूस गुडघ्यांवर बसला.

“मी तिथेच होतो,” तो म्हणाला. आमच्याशी नाही, शेगडीशी बोलत होता. “ट्रकच्या मागे. पिऊन पडलो होतो. तो मला हाका मारत होता. बाइके, बाइके म्हणून. मी दादा ना त्याचा. मला ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं. उठताच आलं नाही.”

सोवेतबेक कोपर धरून बाकावर बसला आणि म्हणाला, “बोल, कासिमाली. आम्ही ऐकतोय.”

आणि बैठक चालू राहिली! मी बाजारात मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्यात, पण रक्त पुसता पुसता लोक पुन्हा बाकावर बसलेले पहिल्यांदा पाहिले. कासिमाली बोलत राहिला, खिडकीतलं ऊन पियानोवरून उतरून जमिनीवर आलं तरी. तुर्दाकुन भिंतीला टेकून, नाकाला टेबलावरचं फडकं लावून ऐकत होता. शेवटी चहा झाला. कासिमालीने उरलेल्या वाडग्यांतला एक उचलला, काठोकाठ भरला आणि तुर्दाकुनपुढे आदळला. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला चहा तळाशी थोडासाच ओततात, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. काठोकाठ भरला की समजायचं, पी आणि चालता हो. तुर्दाकुन फाटक्या ओठांनी तो गरम चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याला. मग उठला आणि चालता झाला.

गावात शिरताना दिवेलागणीची वेळ होती. बर्फ वितळून रस्त्याचा नुसता चिखल झालेला. झिगुली चढावर रुतली. “मी चालत जातो,” तो म्हणाला. म्हणाला कसला, ओठ टरबुजासारखे झालेले, जीभ चावलेली, शब्द नुसते घरंगळत होते. मी गाडी वळवायच्या नादात त्याला जाऊ दिलं. तो पुढे गेला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. लंगडत, झोके खात, कुंपणाला धरत, चिखलात माखलेला माणूस तिन्हीसांजेला घरी निघालाय, आणि दारात उभी असलेली बाई काय समजणार? मी गाडी तशीच चालू सोडून धावले. या वयात, त्या चिखलात. एक बूट तिथेच राहिला.

मी फाटकाशी पोचले तेव्हा जिपार त्याच्यासमोर उभी होती. झोपेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं तिने, पण त्याला डुलताना पाहून तिला धीर धरवला नव्हता. बाहीतून सुरी बाहेर आली होती.

“जिपार, तो प्याला नाही!” मी ओरडले.

“मग तो असा का चालतोय?” तिने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि वार केला.

जनावरं कापणारा माणूस तो. दुसऱ्याच्या हातातली सुरी काढून घेणं त्याच्या डाव्या हातचा मळ. मी पाहिलंय, एकदा दारूच्या नशेत त्याने दोघांच्या हातांतून काढून घेतली होती. त्याने हात खालीच ठेवला. फक्त खांदा वळवला, म्हणून छातीत जायची ती दंडात गेली, मुठीपर्यंत. जिपारने ती उपसली आणि पुन्हा उगारली.

तुर्दाकुनने तोंड उघडलं. जेवढं उघडता येत होतं तेवढं.

“हुंग,” तो म्हणाला.

ती तशीच, सुरी वर धरून थांबली.

“हुंग ना.”

लग्न झाल्यापासून ती दर संध्याकाळी त्याचं तोंड हुंगत आली होती, चोरून, तो दारातून आत येताना, आज किती मार पडणार ते आधी कळावं म्हणून. त्याने स्वतःहून तोंड पुढे केलं नव्हतं कधी. ती टाचा उंच करून जवळ गेली. नाक त्याच्या फुटलेल्या ओठांना लागलं. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. रक्त आणि चहा. दुसरं काही नाही.

मग ती चिखलात बसली आणि तारांनी बांधलेल्या जबड्यातून असा आवाज काढला की गोठ्यातली घोडी उधळली. मी तिच्या हातातली सुरी घेतली. गोधड्यांमागून आयझिरेक बाहेर आली आणि खिडकीशी उभी राहिली. पहिल्यांदाच, बाप अंगणात असताना. जिपार रडत रडतच उठली, तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि त्याच्या दंडाला आवळून बांधला. बांधताना दुसऱ्या हाताने त्याच्या छातीवर बुक्क्याही मारत होती. तो खाली बघत उभा होता.

“धार चांगली लावलीस,” तो म्हणाला.

तिने त्याला आणखी एक बुक्की मारली.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. त्यानंतर एकदा तो घसरला. त्या रात्री जिपार पोरीला घेऊन माझ्याकडे येऊन झोपली आणि मी दाराला कपाट लावलं. पण गुरुवारी तो पुन्हा संगीतशाळेत हजर होता. जनावर कापायचं सोडलंय त्याने. आता घोड्यांना नाल मारतो. गावातले लोक नावं ठेवतात, की चाळिसाव्याला घोडा कापायला आता माणूस मिळत नाही. कासिमाली अजून त्याच्याशी बोलत नाही. दर गुरुवारी तो त्याच्यापुढे काठोकाठ भरलेला वाडगा आदळतो. तुर्दाकुन तो पितो, जातो, आणि पुढच्या गुरुवारी परत येतो. घरी आला की आधी दारात उभा राहून तोंड उघडतो. जिपार हुंगते आणि मगच बाजूला होते.

सुरी माझ्या दुकानात आहे. मी तिने साखरेच्या गोण्यांचे दोरे कापते. अजून दोघांपैकी कुणी ती परत मागायला आलेलं नाही.